कागदाची मागची बाजू

देवळाच्या पाटीशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गुलमंडीजवळच्या एका लहानशा देवळाच्या पायरीवर पाटी होती, 'चप्पल चोरीस गेल्यास संस्थान जबाबदार नाही.' मुन्शीजी रोज सकाळी दर्शनाला जात, त्या पाटीसमोर थांबत, काठी टेकत आणि आतल्या पुजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "मग जबाबदार कोण? आत बसलाय तो?"

पुजारी बिचारा गरीब स्वभावाचा. तो म्हणे, "मुन्शीजी, तुमची चप्पल कोण नेणार? अंगठा तुटलाय तिचा."

"चप्पल जाईल न जाईल, तो वेगळा मुद्दा. तुम्ही आधीच हात झटकून बसलात, त्याचं काय?"

एवढं झालं की चप्पल तिथंच काढून आत जात. त्यांची चप्पल कधी चोरीला गेली नाही आणि पाटीही कधी निघाली नाही.

मुन्शीजी हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव चांगलं चारचौघांसारखं होतं, पण ते कुणी घेत नसे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले देशस्थ ब्राह्मण. मंत्र संस्कृतात, पाढे उर्दूत आणि राग आला की मराठी. पोरसवदा वयात कोर्टात नक्कलनवीस म्हणून लागले, म्हणजे कागदांच्या नकला करायचं काम. अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांमधून उर्दू गेली, आणि हे आपला बोरू आणि दौत उचलून बाहेर येऊन बसले ते कायमचे. लोकांचे अर्ज लिहायचे, दस्त लिहायचे, जुने उर्दू कागद वाचून दाखवायचे. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते सत्तरीला आले होते. गुलमंडीत एका कापडदुकानाच्या शेजारून जिना वर जायचा. त्या जिन्याच्या मधल्या चौकात त्यांचं उतरतं डेस्क, एक सतरंजी आणि पाण्याचा तांब्या. जिन्याच्या वर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, साहेब आणि मी.

मी सोयगावकडची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून शहरात नोकरी करणारी आमच्या भावकीतली पहिली मुलगी, त्यामुळं डोक्यात हवा भरपूर. फ्लॉपीचे दिवस होते. मी काय करते हे घरी कुणाला कळत नसे, आणि ते न कळणं मला फार आवडायचं.

मुन्शीजींना एक खोड होती. कुठलाही छापील कागद हातात आला की आधी उलटा करायचे. बसचं तिकीट, धोब्याची चिठ्ठी, घड्याळजीची पावती, काहीही. 'मागं वाचावं, बाई. पुढं गोड बोलतात, मागं खरं बोलतात.' मागं 'कपडा फाटल्यास आम्ही जबाबदार नाही' असं काही दिसलं, की लाल शाईनं त्याखाली लिहायचे, 'मला नामंजूर', सही, तारीख, आणि पावती जपून ठेवायचे. अशा पावत्यांचा त्यांच्याकडं एक गठ्ठाच होता. खालच्या कापडदुकानात पाटी होती, 'फॅशन के दौर में गॅरंटी की इच्छा न करें.' मुन्शीजींनी तिथून धोतरजोडी घेतली, ती दुसऱ्या धुण्याला विरली. दुकानदारानं पाटीकडं बोट दाखवलं. मुन्शीजी म्हणाले, "शेटजी, धोतराला कसली आली हो फॅशन?" दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली, आणि दुकानदारानं मुकाट्यानं जोडी बदलून दिली. बदललेल्या जोडीच्या पावतीवरही यांनी 'नामंजूर' लिहिलंच.

एकदा साहेबांनी परदेशी कंपनीचं एक सॉफ्टवेअर आणलं. मोठं खोकं, आत बंद पाकिटात फ्लॉप्या, पाकिटावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. मुन्शीजी वर आले होते, त्यांनी पाकीट घेतलं आणि अर्थातच उलटं केलं. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. म्हणाले, "वाच बाई, काय म्हणतोय हा."

मी वाचून मराठीत सांगितलं, "हे पाकीट फोडलं म्हणजे करार तुम्हाला मान्य आहे."

"करार कुठाय?"

"पाकिटात."

मुन्शीजींनी चष्मा काढला. "म्हणजे करार वाचायला पाकीट फोडायचं, अन् फोडलं की करार कबूल?"

"हो."

"वा! काय डोकं आहे! हा वकील आमच्या कोर्टात असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो."

मग पाकीट फोडून त्यांनी माझ्याकडून तो अख्खा करार वाचून घेतला. सॉफ्टवेअर जसं आहे तसं देत आहोत. ते कुठल्याही विशिष्ट कामाला उपयोगी पडेल अशी हमी नाही. इथं मुन्शीजी इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "बैल विकायचा अन् वर सांगायचं, हा औताला चालेल असं आम्ही म्हणत नाही!" पुढचं कलम असं होतं, की वापरणाऱ्याचं काही नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, तसं नुकसान होऊ शकतं हे कंपनीला आधीच ठाऊक असलं तरीही. त्यावर मात्र ते हसायचे थांबले.

"ठाऊक असलं तरी?"

"तसंच लिहिलंय."

"बैलबाजारात सुद्धा खोड सांगून विकतात गं. लाथ मारतो, पाण्याला बुजतो, जे असेल ते. सांगितलं की विकणारा मोकळा. न सांगता मोकळं व्हायची ही तऱ्हा आम्ही पाहिली नव्हती."

मला राग आला. माझ्या धंद्याला हा जिन्यातला म्हातारा नावं ठेवतो म्हणजे काय! मी म्हटलं, "मुन्शीजी, सॉफ्टवेअर म्हणजे बैल नव्हे. त्यात चूक राहतेच. प्रत्येक चुकीचा जिम्मा घ्यायचा म्हटलं तर कुणी प्रोग्राम लिहिणारच नाही."

"चूक राहते, मंजूर," ते म्हणाले. "चुकीला बाप नसतो, हे नामंजूर."

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय त्या कामाकडं येते. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर फसली सनाची तारीख असे. त्या सालाची सुरुवात ऑक्टोबरच्या आसपास व्हायची, महिन्यांची नावं आजुर, दै, बहमन अशी. एका शिक्षणसंस्थेतले त्या काळात जन्मलेले मास्तर आणि शिपाई निवृत्तीला आले होते, आणि त्यांच्या जन्मतारखा जुन्या रजिस्टरांत उर्दूत, फसलीत पडलेल्या. जो तो कारकून आपापल्या परीनं इंग्रजी तारीख काढायचा. संस्थेनं साहेबांना सांगितलं, एक प्रोग्राम करा. फसली तारीख टाकली की इंग्रजी जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख छापून आली पाहिजे. साहेबांनी रजिस्टरं वाचायला मुन्शीजींना घेतलं, प्रोग्राम लिहायला मला.

मुन्शीजींनी मला तक्ता करून दिला. एकच कागद, मोत्यासारखं अक्षर. बारा महिने, प्रत्येकाचे दिवस, तो इंग्रजीतल्या कुठल्या तारखेला सुरू होतो ते, आणि तळाशी 'फसली सालात पाचशे नव्वद मिळवावे.' मी दोन दिवसांत प्रोग्राम उभा केला. पहिली तारीख मुन्शीजींनी स्वतःची टाकायला लावली, आजुर महिन्यातली. इंग्रजी तारीख बरोब्बर आली. म्हातारा इतका खूश झाला की खालून भजी मागवली. साहेब घाईला आलेलेच होते. म्हणाले, "झालं, छापा आता."

छापताना खाली एक ओळ घालायची होती, 'या माहितीच्या अचूकतेची जबाबदारी कंपनी घेत नाही.' त्या परदेशी करारावरून मराठी मीच केली होती. मुन्शीजी अडून बसले.

"साहेब, ही ओळ काढा, नाही तर तिच्याखाली लिहिणाराचं नाव घाला. आमच्या दस्ताखाली लिहिणाराची सही लागते. दस्त खोटा निघाला तर पकडायला माणूस पाहिजे."

साहेब माणूस वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "मुन्शीजी, सॉफ्टवेअरला लिहिणारा नसतो."

"मग ही बाई दिवसभर टकटक कशाची करते?"

मी हसले. मनातून मात्र मला ती ओळ आवडायची. पावसाळ्यात छत्री असावी तशी ती असायची, आणि तिच्यावर नाव कुणाचं नाही.

ओळ तशीच राहिली आणि प्रोग्राम गेला. एप्रिलच्या उन्हात एक दिवस जिन्यात गडबड ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. मुन्शीजींच्या सतरंजीवर संस्थेच्या शाळेतला शिपाई, दौलतमामा, बसला होता. घंटा देणारा, शाळेच्या आवारातच एका खोलीत राहणारा. हातात निवृत्तीचा कागद. मे महिन्याच्या शेवटी सुट्टी, आणि खोली मोकळी करायची.

"मुन्शीजी, माझं अजून एक वरीस हाय," तो म्हणत होता. "माय सांगायची, ॲक्शन झाली तवा मी सात वर्साचा व्हतो. ह्यो कागद मला आठ करून ऱ्हायला."

"बोंबलू नको. एक वर्ष लवकर सुटलास तर काय बिघडलं?" मुन्शीजी मुद्दाम असं विचारत, माणसाचा खरा मुद्दा बाहेर यावा म्हणून.

"माझं काय बिघडायचंय? पोरगी हाय ना." दौलतमामाची नात त्याच्यापाशी राहून त्याच शाळेत शिकत होती. नववी झाली होती, जूनपासून दहावी. "गावाकडं शाळा सातवीलोक. तिच्या बापानं सोयरीक बघून ठिवलीय. हितली खोली गेली की पोरगी गेली. तेवढी धावी होऊ द्या, मंग मला खुशाल घरी बशिवा."

मुन्शीजींनी आपल्याकडच्या नकलेत रजिस्टरातली तारीख पाहिली. महिना तीर, म्हणजे आपला मे. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तक्ता आण."

मी आत गेले, फायलीतून तक्ता काढला. आणि का कोण जाणे, मुन्शीजींसारखाच तो उलटा केला. मागं चार ओळी होत्या. 'बहमन महिन्यात इंग्रजी साल पालटते. तिथून पुढील सर्व महिन्यांस पाचशे एक्क्याण्णव मिळवावे.'

मी कागद कधी उलटलाच नव्हता. मुन्शीजी आयुष्यभर कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहीत आले, कागद महाग होता त्या काळापासूनची सवय, आणि हे मला चांगलं माहीत होतं. जरा डोकं चालवलं असतं तरी कळलं असतं, की जानेवारी आला की वर्ष बदलतं. माझ्या प्रोग्राममध्ये आजुर, दै आणि बहमनचे डिसेंबरात येणारे दिवस सोडले तर बाकी सगळी माणसं एक वर्षानं म्हातारी झाली होती. आम्ही तपासली ती एकच तारीख, तीही आजुरची.

मी बाहेर येऊन तक्ता मुन्शीजींच्या हातात दिला. त्यांनी पुढून पाहिला, मागून पाहिला. माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "दौलत, तुझी माय बरोबर होती."

दुरुस्ती एका ओळीची. पाच मिनिटांत केली. यादीतल्या बाकीच्यांना अजून अवकाश होता. हुकूम निघाला होता तो एकट्या दौलतमामाचा. साहेबांनी संस्थेच्या ऑफिसात फोन केला. तिथले म्हणाले, हुकूम निघालाय, तो मागं घ्यायचा तर चूक कुणाची ते लेखी द्या. साहेबांनी फोन ठेवला आणि आम्हाला आत बोलावलं.

"तोंडी म्हणाल तितक्या वेळा सांगतो. लेखी नाही. लेखी दिलं की उद्या प्रत्येक जण येऊन उभा राहील. आपण खाली स्पष्ट छापलंय ना, जबाबदारी नाही म्हणून? ते कशासाठी छापलंय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि तूही कुठं सही करून बसू नकोस. नोकरी करायचीय ना?"

संस्था म्हणणार, कागद कंपनीचा. कंपनी म्हणणार, खालची ओळ वाचा. आणि मधल्या मध्ये ती पोरगी गावाकडं. मला हे सगळं दिसत होतं, आणि तरी मी मान डोलावली. बावीस वर्षांची होते, नोकरी गेली असती तर मलाही गावाकडंच जावं लागलं असतं, आणि तिथं माझ्याही बापानं स्थळं बघून ठेवलेली होती. हे कारण खरं आहे. पण कारण असलं म्हणून लाज कमी होत नाही.

मुन्शीजी उठले. जिन्यात जाऊन बसले, डेस्क पुढं ओढलं, आणि दौत उघडली. लिहून झाल्यावर नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मी खाली सही करणार, लिहून देतो ऐसा जे, फसली तारखांचा तक्ता मी स्वतः तयार केला. अर्धा मजकूर कागदाच्या पाठीमागे लिहिला, परंतु पुढील बाजूस 'मागे पाहावे' असे लिहिण्यास मी चुकलो. त्या चुकीमुळे इसम दौलत याचे वय एक वर्षाने जास्त धरले गेले. जिम्मा माझा."

खाली दस्ताच्या रीतीनं 'लिहिणार' असं लिहून त्यांनी सही केली. त्याच्याखाली परत एकदा 'लिहिणार' लिहिलं, आणि पुढं जागा मोकळी सोडली. टाक माझ्या बाजूनं डेस्कवर ठेवला. तांब्यातलं पाणी प्यायले.

मी म्हटलं, "कूलरमधलं पाणी संपलंय, भरून येते." आणि वर निघून गेले.

कूलर काठोकाठ भरलेला होता.

पुढचं मला दौलतमामाकडून कळलं. तीन दिवस म्हातारा संस्थेच्या ऑफिसातल्या बाकावर बसून होता, मे महिन्याच्या तोंडावर, ओला पंचा डोक्यावर टाकून. तिसऱ्या दिवशी मुख्य साहेबांनी आत घेतलं. कागद वाचून ते म्हणाले, "मुन्शीजी, प्रोग्राम कंपनीचा अन् सही तुमची?" मुन्शीजी म्हणाले, "कंपनीनं छापून दिलंय, ती जबाबदार नाही. मग कुणीतरी पाहिजे ना साहेब. मी रिकामाच आहे." मुख्य साहेब म्हणे हसले, आणि हुकूम मागं घेतला. यादी आमच्याकडं परत आली, ती मी नव्यानं छापून दिली. आमच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "आपण लेखी काही दिलं नाही ना?"

पुढच्या वर्षी ती पोरगी दहावी झाली. दौलतमामा पेढे घेऊन जिना चढून वर आला, नात बरोबर. "ताईच्या पाया पड," म्हणाला, "ताईनंच कागुद दुरुस्त केला." ती वाकली. मी तिला मध्येच धरलं आणि पेढा तसाच टेबलावर ठेवून दिला. खालच्या चौकातून मुन्शीजींचा खोकला ऐकू येत होता. त्यानंतरही रोज जाता-येता ते माझ्याशी बोलत, पावत्या उलट्या करत, मला चिडवत. त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकदा रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी ती नोकरी सोडली, क्रांती चौकात एका क्लासमध्ये शिकवायला लागले, लग्न झालं. पाच-सहा वर्षांनी कळलं की मुन्शीजींचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन चाललाय. मी घर शोधत गेले. लाल फडक्यात बांधलेल्या कागदांच्या बस्त्यांमध्ये म्हातारा बसला होता, बारीक झालेला, कान जरा गेलेले. मी बसले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले, आणि मग एकदम रडायलाच लागले.

"मुन्शीजी, तो तक्ता मी उलटून पाहिलाच नव्हता. तुम्ही लिहिलं होतं. चूक माझी होती."

"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही."

"चूक माझी होती!" मी ओरडले. आतून सून डोकावून गेली.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "पण 'मागे पाहावे' लिहायला मी चुकलो, ते काही खोटं नाही. मी खोटं लिहीत नसतो."

"मग तेव्हा मला काही म्हणाला का नाहीत?"

"जागा सोडली होती की. अजून काय म्हणायचं?"

त्यांनी एक बस्ता ओढला, गाठ सोडली, आणि न शोधता एक कागद काढला. नक्कलनवीसच तो, प्रत्येक कागदाची नक्कल ठेवणारा. तेच अक्षर, तोच मजकूर, त्यांची सही, आणि खाली 'लिहिणार' लिहून सोडलेली कोरी जागा. कागद माझ्यापुढं सरकवला आणि खिशातला पेन काढून दिला.

मी सही केली. अक्षर वाकडं आलं. "तारीख कुठली घालू? त्या दिवशीची?"

मुन्शीजी पहिल्यांदा माझ्यावर खरे रागावले. "मागची तारीख घालणं हा गुन्हा आहे, बाई! आजची घाल. उशीर झाला तो झाला, तोही कागदावर दिसू दे."

मी आजची तारीख घातली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन माझं नाव अक्षर अक्षर वाचलं, शाईवर फुंकर मारली, आणि सवयीनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागं काही नव्हतं.

"झालं," म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.